‘कशावरून?’ हा प्रश्न त्यांना नवा नाही

पत्र

मी गेल्या वर्षापासून इथिओपियातल्या टिग्राय प्रांतात एका विद्यापीठात शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना इंग्रजीतून अकॅडमिक रायटिंग शिकवणं हे माझं काम. वर्गात साठच्या वर मुलं आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये इथे केंद्र सरकार आणि टिग्रायी फौजा यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा ही सगळी शाळेत होती. त्याआधी मार्चपासूनच कोविडमुळे शाळा बंद होत्या, मग युद्धामुळे बंदच राहिल्या. पुढे शाळांच्या इमारतींत विस्थापित लोक राहायला आले. यांची शिकण्याची दोन-तीन वर्षं सरळ गळून गेली आहेत.

माझ्याकडे दोन प्रकारचे पेपर येतात. एक म्हणजे इंटरनेटवरून जसेच्या तसे उचललेले, आणि दुसरे चार ओळींत आटोपलेले. गेल्या महिन्यात ‘उच्च शिक्षणातील अडचणी’ हा विषय दिला. एका मुलीने तीन पानं भरून लिहिलं आणि सगळं भावाबद्दल लिहिलं. त्याला घरातून नेलं, तो परत आला नाही. मी समासात लाल शाईने लिहिलं, ‘हे वैयक्तिक आहे, शैक्षणिक नाही. संदर्भ कुठे आहेत?’ दहापैकी तीन गुण दिले. त्या दिवसापासून ती वर्गात आलेली नाही.

माझं चुकलं हे कळतं. पण मग करू काय? या मुलांना मुख्य विधान आणि संदर्भसूची शिकवताना लाज वाटते. शिकवलं नाही तर पुढे प्रबंध कसा लिहितील? नियम सैल करू का? सहकारी म्हणतात, युद्धावर लिहूच द्यायचं नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

— टिग्रायहून एक शिक्षिका

उत्तर

तुमचं पत्र वाचून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. त्या मुलीबद्दल शेवटी बोलू, कारण त्यासाठी आधी बाकीचं बोलून व्हायला हवं.

नियम सैल करू नका. हे मी कडक बाई म्हणून सांगत नाही. उद्या ही मुलं पदव्युत्तर प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी अर्ज करतील तेव्हा त्यांचे कागद ज्यांची एकही इयत्ता बुडाली नाही अशा मुलांच्या कागदांशेजारी ठेवले जातील. तिथे कुणी विचारणार नाही की या अर्जामागे किती वर्षं बंद शाळा होती. तुम्ही आज दयेपोटी जे शिकवायचं सोडाल त्याची किंमत ती मुलं तेव्हा, एकटी असताना मोजतील. सवलत जरूर द्या, पण ती वेळेची असू दे, पुन्हा लिहून देण्याची असू दे, कुठून सुरुवात करायची त्याची असू दे. शेवटी कुठे पोचायचं ते ठिकाण बदलू नका.

लाज वाटण्याचं म्हणाल तर ती वाटते, कारण आपण शैक्षणिक लेखन म्हणजे समास, संदर्भाची शैली, परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं समजून बसलो आहोत. ते बाजूला केलं की खाली एकच प्रश्न उरतो: कशावरून? तू हे म्हणतोस ते कशावरून? ज्याने तुला सांगितलं त्याला कसं माहीत? तुला किती खात्री आहे? सगळं संदर्भशास्त्र या तीन प्रश्नांच्या सोयीसाठी उभं आहे. आणि हे प्रश्न तुमच्या वर्गातल्या मुलांइतके जवळून फार थोड्यांना माहीत असतील. युद्धाच्या बहुतेक काळात टिग्रायमध्ये फोन नव्हता, इंटरनेट नव्हतं, बँका बंद होत्या. खबर यायची ती माणसाबरोबर, आणि ती खरी धरायची की नाही हे घरातल्यांना ठरवावं लागायचं. सांगणारा तिथे स्वतः होता का? कधी निघाला? त्याला हे सांगून काही मिळवायचं होतं का? दुसऱ्या कुणी तसंच सांगितलं का? अशा निर्णयांवर माणसं घरात थांबली किंवा घर सोडून निघाली. स्रोत तपासणं याहून वेगळं काय असतं?

म्हणून पहिला तास तिथून सुरू करा, फक्त एक कुंपण घालून. मुलांना सांगा, बातमी काय होती ते सांगायचं नाही, ती खरी की खोटी हे कसं ठरवलंत तेवढंच सांगायचं. ज्यांना तो काळच नको असेल त्यांच्यासाठी दुसरा प्रश्न तयार ठेवा: बाजारात जाण्याआधी टेफचा, म्हणजे तिथल्या रोजच्या धान्याचा, भाव काय असेल हे कुणाला विचारता, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवता? मग फळ्यावर तीन रकाने करा. स्वतः पाहिलेलं, पाहिलेल्याकडून ऐकलेलं, ऐकलेल्याकडून ऐकलेलं. मुलांच्या उत्तरांनी रकाने भरले की त्यावर पाठ्यपुस्तकातले शब्द लिहा, प्राथमिक स्रोत, दुय्यम स्रोत. तुमच्या पुस्तकात हा क्रम उलटा असेल. पुस्तक आधी शब्द देतं, मग व्याख्या, मग कुठल्यातरी परक्या देशातलं उदाहरण. इथे तो क्रम चालणार नाही.

‘बहुधा’, ‘असं दिसतं’, ‘अहवालानुसार’ हे सावध शब्द शिकवताना मात्र जपा. तिथे अडचण होईल. एखादा मुलगा उठून म्हणेल, मी डोळ्यांनी पाहिलं आहे, मग ‘कथित’ का लिहू? त्याचं बरोबर आहे. ज्याच्या घरावर बेतलं त्याला ‘कथित’ हा शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागतो, कारण त्याने तो शब्द ऐकलेला असतो तो नाकारणाऱ्यांच्या तोंडून. त्याला सांगा की पाहिलेल्यापुढे ‘कथित’ लिहायचंच नाही. ‘मी पाहिलं’ असं लिहायचं, तारीख आणि ठिकाण देऊन. इंग्रजी शैक्षणिक लेखनात ‘मी’ चालत नाही हा समज जुना आहे, बऱ्याच विद्याशाखांत तो चालतो. पण पाहिलेल्याच्या पलीकडचं, म्हणजे किती जण होते, हुकूम कुणी दिला, शेजारच्या गावात तसंच झालं का, हे लिहिताना ‘मी पाहिलं’ पुरत नाही. तिथे कुणी सांगितलं ते लिहावं लागतं, आणि किती खात्री आहे तेही. सावध शब्द दुःखावर शंका घेत नाहीत, ते फक्त आपल्या माहितीची हद्द दाखवतात. हे एकदा त्याला पटलं की त्याच्या वाक्याला जे वजन येईल ते ओरडून येणार नाही. यावर दोन तास गेले तरी जाऊ द्या.

आता त्यांच्या मातीतल्या दोन गोष्टी सांगते. संदर्भ शिकवताना तुमचं पुस्तक तिथे नक्की अडखळतं, आणि त्यामुळे मुलांना उगाच वाटतं की आपणच चुकतो.

एक म्हणजे साल. इथिओपियाची कालगणना आपण वापरतो त्या इंग्रजी सालापेक्षा सात-आठ वर्षं मागे आहे, वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि महिने तेरा. आडवाची लढाई, जिथे इटलीच्या फौजेचा पराभव झाला, ती जगाच्या पुस्तकांत १ मार्च १८९६ ला आहे आणि त्यांच्या पंचांगात येकातित महिन्याच्या २३ तारखेला, १८८८ साली. आडवा टिग्रायमध्येच आहे, तेव्हा हे उदाहरण त्यांना परकं नाही. दोन सालं असलेले दोन उतारे द्या आणि विचारा, चूक कोणाची? कोणाचीच नाही. मग वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून लेखकाने काय करायचं? इथून ‘कोणती कालगणना ते लिहा’ हा नियम त्यांच्या त्यांनाच सापडतो, आणि स्वतःला सापडलेला नियम सहसा विसरत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आडनाव आधी लिहा असं पुस्तक सांगतं, पण त्यांच्याकडे आडनावच नसतं. स्वतःचं नाव आणि मागे वडिलांचं नाव, एवढंच. आपलं मधलं नाव शेवटी यावं आणि आडनाव गळून पडावं तसं समजा. आडवाजवळ जन्मलेले पर्यावरणशास्त्रज्ञ तेवोल्दे बेर्हान गेब्रे एग्झियाब्हेर, ज्यांना २००० साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, ते परदेशी सूच्यांत कधी ‘एग्झियाब्हेर’ म्हणून सापडतात. ते त्यांच्या वडिलांच्या नावाचा उत्तरार्ध आहे. ‘तेवोल्दे बेर्हान’ हे जोडून त्यांचं स्वतःचं नाव. इथिओपियन लेखकाची नोंद त्याच्या स्वतःच्या नावाने लावायची ही रीत त्या देशाच्या अभ्यासकांमध्ये रूढ आहे. ती वर्गात आधी सांगा, मग बाकीच्या जगाची. नाहीतर संदर्भसूचीच्या पहिल्या ओळीतच मुलाला स्वतःच्या बापाच्या नावाने ओळखलं जातं.

त्यांच्या परंपरेत वादप्रतिवाद लिहिण्याची रीतही आहे. आंदेम्ता म्हणून गीझ या जुन्या भाषेतल्या ख्रिस्ती धर्मग्रंथांवर भाष्य करण्याची पद्धत आहे. एका वचनाचा एक अर्थ दिला की पुढे ‘आंदेम’, म्हणजे ‘आणि एक’, असं म्हणून दुसरा अर्थ येतो, मग पुन्हा ‘आंदेम’ आणि तिसरा. आधीच्याला खोडून न टाकता शेजारी नवा मांडायचा. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभं राहता येत नाही हे आपल्याला ऐकून माहीत आहे, ही त्याच कुळातली शिस्त. पूर्वसंशोधनाचा आढावा शिकवताना याचा आधार घ्या, पण भान ठेवून. एक तर सगळी मुलं चर्चच्या शाळेत गेलेली नसतात, काही मुस्लिम घरांतली असतील. दुसरं, या भाष्यांची भाषा अम्हारिक आहे, केंद्र सरकारच्या कारभाराची भाषा. युद्धानंतर ती भाषा वर्गात आणताना कोणाच्या मनात काय येतं ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही. एखाद्या टिग्रायी सहकाऱ्याला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर सोडून द्या.

निबंधात मुद्दा शेवटच्या ओळीत दडलेला सापडला तर तो आळस समजू नका. ‘मेण आणि सोनं’ हा शब्दप्रयोग त्या देशात सगळ्यांना माहीत आहे. वरवरचा अर्थ मेणाचा, आतला सोन्याचा, मेण वितळलं की सोनं उरतं, असं तिथल्या कवितेबद्दल म्हणतात. मुलांना म्हणा, कवितेत सोनं लपवा, पण पेपरात ते पहिल्या परिच्छेदात ठेवा.

आता उचललेले पेपर. याला चोरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण टिग्रिन्यात, म्हणजे तिथल्या भाषेत, शिकत आलेलं मूल नववीला इंग्रजी माध्यमात जातं, आणि नेमकी तीच वर्षं यांची बुडाली. ज्या भाषेत वाक्य उभं राहत नाही त्या भाषेत पाच पानं मागितली तर मूल दुसऱ्याची वाक्यं टेकायला घेणारच. अमेरिकन अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात यासाठी ‘पॅचरायटिंग’ हा शब्द वापरात आणला, आपण ठिगळांचं लेखन म्हणू. त्यांचं म्हणणं, नवशिका माणूस अवघड मजकूर समजून घेताना ठिगळं जोडतो आणि हा शिकण्यातला एक टप्पा आहे. अख्खा पेपर उतरवणाऱ्याला मी या टप्प्यात धरत नाही, त्याला पुन्हा लिहायला लावा. पण निम्मी वाक्यं उचललेली आणि निम्मी धडपडलेली असतील तर त्या धडपडलेल्या वाक्यांकडे आधी बघा.

काही महिने घरी लिहून आणायला देऊच नका. वर्गात, कागदावर, पेनाने लिहून घ्या. वीज आणि नेट यांचा भरवसा नसतो तिथे हेच न्यायाचं आहे, आणि तयार मजकूर पुरवणाऱ्या नव्या साधनांचा प्रश्नही त्यात सुटतो. एक छोटा परिच्छेद छापून वाटा. दोनदा वाचायला लावा, मग कागद पालथा. शेजारच्याला टिग्रिन्यात सांगायचं की यात काय म्हटलं आहे. तो ‘कळलं नाही’ म्हणाला तर पुन्हा सांगायचं. मग दोनच वाक्यं इंग्रजीत, न बघता. शेवटी कागद सुलटा करून ताडून पाहायचं. टिग्रिन्याला वर्गात बंदी घातली असेल तर उठवा. विचार जिथे होतो तिथेच होऊ दे, आराखडाही त्यांच्या लिपीत करू दे.

त्या लिपीवरून एक आठवलं. ज्या लिप्यांत व्यंजनाच्या अक्षराला स्वराची खूण जोडतात त्यांना भाषाशास्त्रात ‘अबुगिडा’ म्हणतात. आपली देवनागरी त्यातलीच, आणि हा शब्दच मुळी टिग्रिन्या जिच्यात लिहितात त्या गीझ लिपीच्या पहिल्या अक्षरांवरून घेतला आहे. तुम्ही फळ्यावर क, कि, कु लिहून दाखवा आणि त्यांना त्यांची अक्षरं शेजारी लिहू द्या. अभ्यासक्रमात हे कुठे बसत नाही, तरी दाखवा. इंग्रजी तुमच्यासाठीही शिकून घेतलेली भाषा आहे हे त्यांनी पाहिलं पाहिजे.

राहिला युद्धाचा विषय. ‘लिहूच द्यायचं नाही’ हे मला पटत नाही. मुलांनी काय भोगलं ते विद्यापीठाच्या दाराबाहेर ठेवून या असं सांगणं झालं ते. पण ‘सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा’ हेही तितकंच वाईट. लिहिल्याने मन हलकं होतं असं सांगणारे १९८६ सालच्या जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगाचा दाखला देतात. त्यात लोकांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या आघाताबद्दल लिहिलं होतं. पण तिथे त्या लेखनाला कोणी गुण देत नव्हतं, लिहिणाऱ्याचं नाव फुटणार नव्हतं, आणि लिहिल्या लिहिल्या माणसांना आधी जास्तच वाईट वाटलं होतं. तुमच्या वर्गात साठ जण आहेत, हजेरीपट आहे, गुण आहेत. ती जागा वेगळी आहे, आणि तुम्ही समुपदेशकही नाही.

प्रत्येक वेळी तीन-चार विषय द्या आणि त्यातला एकही फक्त युद्धाचाच होऊ शकेल असा नको. ‘उच्च शिक्षणातील अडचणी’ हा साधा वाटणारा विषय तिथे साधा नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच आहे. टिग्राय म्हणजे फक्त २०२० नंतरचा टिग्राय नव्हे. उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून, चराई बंद करून, गावोगावच्या लोकांनी श्रमदानाने माती आणि पाणी अडवलं. त्यातल्या अब्रेहा वे आत्स्बेहा गावाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, आणि २०१७ मध्ये वाळवंटीकरण रोखण्याबद्दल सगळ्या प्रांताच्या धोरणाचा फ्यूचर पॉलिसी पुरस्काराच्या सुवर्णपदकाने गौरव झाला. शेतीच्या, भूगोलाच्या, अर्थशास्त्राच्या मुलांना यात लिहिण्यासारखं भरपूर आहे, आणि आजीआजोबांना विचारण्यासारखंही.

ज्याला आपणहून युद्धावरच लिहायचं आहे, त्याला दार उघडं ठेवा, पण काही अटी पक्क्या करा. पीडितांच्या मुलाखती असाइनमेंटसाठी घ्यायच्या नाहीत. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईकडे दुसऱ्या वर्षाच्या मुलाने वही घेऊन जायचं नाही, हेतू कितीही चांगला असो. जिवंत माणसांची नावं, गावं, ओळखू येतील असे तपशील लिहायचे नाहीत. तुम्हीही असे पेपर कुठल्या ऑनलाइन यंत्रणेत तपासायला टाकू नका आणि स्टाफरूममध्ये टेबलावर सोडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात युद्ध थांबवण्याचा करार झाला म्हणून कागदावर आलेली नावं निर्धोक झाली असं नाही.

मग त्याने काय वाचायचं? छापून आलेली कागदपत्रं. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि इथिओपियाचा मानवाधिकार आयोग यांचा संयुक्त अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. टिग्रायमधल्या अनेकांचा त्यावर राग आहे. सरकारनेच नेमलेला आयोग चौकशीत कसा, हा त्यांचा सवाल, आणि काही ठिकाणी पथकाला पोचता आलं नाही हे अहवालातच म्हटलेलं आहे. चिडलेल्या मुलाला विचारा: कुठे पोचले नाहीत? किती जणांशी बोलले, कोणत्या भाषेत, सोबत कोण होतं? कुठल्या तारखेपर्यंतचंच पाहिलं? याने अहवालाच्या निष्कर्षांवर काय परिणाम झाला असेल? तो जे लिहील त्याला संशोधनपद्धतीची चिकित्सा म्हणतात. त्याचा राग कुठेही गेलेला नसेल, पण आता त्याला कोणी उडवून लावू शकणार नाही. हे काम तिसऱ्या-चौथ्या वर्षी, दोघातिघांबरोबर बसून करायचं आहे, साठ जणांसमोर नव्हे.

आता ती मुलगी.

फार वर्षांपूर्वी मी एका मुलाच्या निबंधावर ‘विषयांतर’ असं लिहिलं होतं. विषय होता ‘माझं गाव’, आणि त्याने आईच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर तो मला मोजून तेवढ्याच ओळी लिहून देत राहिला, शुद्ध, रिकाम्या. मी त्याच्याशी कधी बोलले नाही. म्हणून तुम्हाला सांगते की वाट बघू नका.

तिला ऑफिसात बोलावणं धाडू नका. वर्गातल्या तिच्या मैत्रिणीमार्फत एवढाच निरोप द्या की मला तुझ्याशी पाच मिनिटं बोलायचं आहे, माझ्याकडून चूक झाली आहे. ती आली तर आधी तुमच्या तोंडून तेच वाक्य यायला हवं. ‘तू लिहिलेलं मी वाचलं. त्यावर गुण लिहायला नको होते.’ भावाबद्दल काही विचारू नका. ती बोलली तर ऐका, रडली तर थांबा, आणि विद्यापीठात किंवा गावात कोणी समुपदेशक असेल तर त्याचं नाव आधीच माहीत करून ठेवा. ते तीन गुण खोडून टाका, आणि आठवर नेऊ नका. त्या लेखनाला गुणच नकोत. परीक्षेसाठी तिला दुसरा विषय द्या, तिच्या पसंतीचा, बाकीच्यांना लागू असलेल्याच निकषांवर.

आणि ती पानं तुमच्याकडेच असतील, तर तिला परत द्या. लाल शाई निघणार नाही, तरीही द्या. तिच्या भावाबद्दल लिहिलेलं ते तेवढंच असू शकतं.